सॅमनची गळमासेमारी

छंद वा क्रीडा म्हणून काठी, दोर व गळ यांच्या साहाय्याने सॅमन मासे पकडण्याचा प्रकार. उदरनिर्वाहासाठी जाळ्यांनी केल्या जाणाऱ्या मासेमारीहून तो सर्वस्वी वेगळा आहे. येथे एक माणूस व एक मासा यांचा सामना असतो आणि दोघांना जोडणारा धागा पुष्कळदा माशाच्या वजनाहून कमी भार सोसणारा असतो. त्यामुळे मोठा सॅमन बळाने ओढून काढता येत नाही. त्याला दमवावे लागते. ही दमणूक हेच या खेळाचे मर्म होय. पूर्वी झुंज जितकी लांबे तितकी ती कौतुकाची ठरे. आता ती थोडक्यात आटोपण्यात कौशल्य मानले जाते. या बदलामागे माशाच्या शरीरक्रियेचे ज्ञान व त्याची घटती संख्या ही कारणे आहेत.

सॅमनचे दोन मुख्य गट आहेत. अटलांटिक सॅमन (साल्मो सलार) यूरोपच्या व उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील नद्यांत येतो, तर पॅसिफिक महासागरातील सॅमन ऑन्कोऱ्हिंकस प्रजातीत मोडतात. त्यांपैकी चिनूक ही जाती सर्वांत मोठी असते. हे मासे नदीत जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्या जन्मनदीत परततात. गोड्या पाण्यात शिरल्यावर अटलांटिक सॅमन अन्नग्रहण जवळजवळ थांबवतो. पुढील प्रवास, धबधब्यांवरील उड्या व प्रजनन या सर्वांसाठी समुद्रात साठवलेली चरबी हीच त्याची शिदोरी असते. भूक नसताना तो गळ का धरतो, याविषयी तज्ञांत एकमत नाही; बालवयातील सवय, चीड व आपल्या जागेचे रक्षण ही कारणे सुचविली जातात.

साधने : अटलांटिक सॅमनसाठी दोन्ही हातांनी धरावयाची ३.५ ते ४.५ मी. लांबीची काठी रूढ आहे. ती पूर्वी ग्रीनहार्ट या चिवट लाकडाची, नंतर चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या जोडून व पुढे काचतंतूंची करीत. १९७० नंतरच्या दशकात कार्बन तंतूंच्या हलक्या काठ्या प्रचारात आल्या. गळाला पिसे, केस व जर बांधून ‘कृत्रिम माशी’ तयार करतात. ती लांब फेकण्याच्या एका पद्धतीला स्कॉटलंडमधील स्पे नदीचे नाव मिळाले आहे. माशीमागे बारीक नायलॉनी धागा, त्यामागे सु. ३० मी. जाड दोर आणि त्याहीमागे रिळावर शंभर मीटरांहून अधिक राखीव दोर असतो. रिळाचा वापर इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून आढळतो. तत्पूर्वी काठीलाच बांधलेला दोर संपला, की काठी पाण्यात सोडून देण्यावाचून गत्यंतर नसे. राखीव दोर देणारे रीळ आल्यामुळेच मोठ्या सॅमनशी दीर्घ झुंज शक्य झाली.

झुंज : गळ रुतल्यावर मोठा सॅमन पहिले काही क्षण पुष्कळदा स्थिर राहतो, तळाशी ओंडका अडकल्याचा भास होतो. मग तो एकाएकी धाव घेतो, रीळ करकरू लागते आणि पाहता पाहता राखीव दोर सुटू लागतो. या वेळी त्याला रोखू पाहणे म्हणजे धागा तोडून घेणे होय. काठी उंच धरून, रिळाचा ब्रेक हलका ठेवून दोर जाऊ द्यावा लागतो. काठीची लवचीकता माशाचे हिसके शोषून घेते, तर उंच धरल्याने दोर पाण्याबाहेर राहतो. लांबवर गेलेल्या दोराला प्रवाहात पोट आले, तर केवळ पाण्याच्या दाबानेच धाग्यावर मोठा ताण येतो.

धाव संपता संपता मासा पाण्याबाहेर उसळतो. पाण्यात वाताशयामुळे तो जवळजवळ तरंगता असतो व त्याचे वजन धाग्यावर येत नाही. हवेत मात्र ते पूर्णपणे येते. तंग दोरावर असा मासा आदळला, तर धागा तुटतो किंवा गळ निसटतो. म्हणून उडीच्या क्षणी काठीचे टोक खाली करून दोर सैल सोडतात. इंग्रजी भाषक गळमारे या कृतीला ‘माशापुढे लवणे’ म्हणतात.

यानंतरचा टप्पा चिकाटीचा असतो. काठी तरफेसारखी काम करते. परंतु तिची लांब भुजा माशाच्या बाजूस असल्याने माणसाचे हात व पाठ भरून आली, तरी माशावर पडणारी ओढ अल्पच असते. तेव्हा बळापेक्षा दिशेला महत्त्व येते. कुशल गळमाऱ्या काठावरून चालत माशाच्या बरोबरीस किंवा त्याच्या खालच्या अंगास जातो. त्यामुळे माशाला दोर व प्रवाह या दोहोंशी झगडावे लागते. काठी आडवी करून बाजूने ताण दिल्यास माशाचे डोके वळते व त्याचा तोल ढळतो. मासा खडकाआड तळाशी दडी मारून बसल्यास ताणाचा कोन बदलून त्याला हलवितात. ‘वजनाच्या प्रत्येक पौंडास एक मिनिट’ असा झुंजीचा जुना ठोकताळा आहे.

काठावर घेणे : पुष्कळ मासे अगदी शेवटी निसटतात. दोर आखूड झाल्याने हिसका शोषण्याची त्याची क्षमता घटते, गळाची जखम रुंदावलेली असते आणि माणूस दिसताच मासा उरलेले बळ एकवटतो. तो कुशीवर वळून पांढरे पोट दाखवू लागला, की त्याला हातजाळीत घेतात, उतरत्या वाळवंटावर सरकवितात किंवा शेपटीच्या बुडख्याशी हाताने पकडतात. अटलांटिक सॅमनच्या शेपटीच्या कडा ताठ असल्याने ही पकड बसते. पूर्वी लोखंडी आकडा खुपसून मासा बाहेर काढीत. मासा जिवंत सोडावयाचा झाल्यास ही रीत निरुपयोगी ठरते.

विक्रम : ब्रिटनमध्ये काठीने पकडलेल्या सर्वांत मोठ्या सॅमनचा विक्रम जॉर्जिना बॅलंटाइन यांच्या नावे आहे. ७ ऑक्टोबर १९२२ रोजी स्कॉटलंडमधील टे नदीत वडिलांसमवेत नावेतून मासेमारी करीत असताना सायंकाळी हा मासा गळाला लागला. सु. दोन तासांच्या झुंजीनंतर तो अंधारात हाती आला. त्याचे वजन ६४ पौंड (सु. २९ किग्रॅ.) व लांबी सु. १३७ सेंमी. भरली. मासा पर्थ येथील रुग्णालयास देण्यात आला. अटलांटिक सॅमनचा जागतिक विक्रम (३५.८९ किग्रॅ.) नॉर्वेतील ताना नदीवर १९२८ मध्ये हेन्रिक हेन्रिकसेन यांनी नोंदविला. चिनूकचा विक्रम (४४.११ किग्रॅ.) १७ मे १९८५ रोजी अलास्कातील कीनाय नदीवर लेस अँडरसन यांनी केला.

झुंजीचे परिणाम व संरक्षण : धावा व उड्या यांसाठी मासा पांढऱ्या स्नायूंचा वापर करतो. हे स्नायू ऑक्सिजनविना ग्लायकोजेन जाळून झटपट शक्ती देतात; परंतु त्यामुळे शरीरात लॅक्टिक अम्ल साचते. ते निवळण्यास काही तास लागतात. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी असल्याने पाण्याचे तापमान २०° से.च्या आसपास गेले, की सोडलेले मासेही दगावण्याचा धोका वाढतो. कॅनडातील फर्ग्युसन व टफ्ट्स यांनी सॅमनच्याच कुलातील रेनबो ट्राउट माशांवर केलेले प्रयोग १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ दमविलेल्या माशांपैकी १२ टक्के मेले. दमवून एक मिनिट हवेत ठेवलेल्यांपैकी मात्र ७२ टक्के मेले. छायाचित्रासाठी मासा उचलून धरण्याचा तो मिनिट दीर्घ झुंजीहूनही घातक ठरू शकतो. म्हणून पुरेसा मजबूत धागा, उलटा काटा नसलेला गळ, अल्पकाळाची झुंज आणि मासा पाण्यातच ठेवून गळ काढणे यांवर आता भर देतात. माशाला प्रवाहाकडे तोंड करून आधार देतात व तो स्वतःच्या बळावर निघेपर्यंत थांबतात. स्कॉटलंडमध्ये काठीने पकडलेल्या सॅमनांपैकी बहुसंख्य अशा रीतीने सोडले जातात.

तथापि केवळ मासे सोडल्याने प्रश्न सुटलेला नाही. धरणे, तापणाऱ्या नद्या, प्रदूषण, मत्स्यशेतीतून पसरणाऱ्या परोपजीवी उवा आणि समुद्रातील घटती जगणूक यांमुळे नदीत परतणारे सॅमन कमी झाले. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने डिसेंबर २०२३ मध्ये अटलांटिक सॅमनची गणना ‘संकटसमीप’ गटात केली. २००६ ते २०२० या काळात त्याची जागतिक संख्या २३ टक्क्यांनी घटल्याचे संघाने नमूद केले. ताना नदीवरील सॅमन-मासेमारी २०२१ मध्ये थांबविण्यात आली व पुढील हंगामांतही ती बंद राहिली. कीनाय नदीवर २०२३ व २०२४ मध्ये क्रीडेसाठी चिनूक पकडण्यास मनाई होती. ज्या दोन नद्यांनी या खेळाला त्याचे सर्वांत मोठे मासे दिले, त्या दोन्ही नद्यांवर माशांसाठी खेळ थांबवावा लागला.