पाठलाग की नाकाबंदी?

पळणाऱ्या मोटारीमागे पोलिसांनी भरधाव गाडी घालावी काय? वेग दुप्पट झाला की ब्रेक लावूनही थांबायला सुमारे चौपट अंतर लागते; मध्ये सापडतो आमचा हमाल, हातगाडीवाला.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत दोन अतिरेकी हिसकावलेल्या मोटारीतून निघाले. बिनतारी संदेश गेला, गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी झाली, मोटार तेथेच अडली. तुकाराम ओंबळे यांनी बंदुकीची नळी सोडली नाही. ते गेले, पण कसाब जिवंत सापडला.

कोणी माणसे चिरडीतच सुटला असेल, तर पाठलाग करावाच लागेल. पण चोरीच्या मोटारसायकलीसाठी? अंबाजोगाईतून परळीला जा, केजला जा वा लातूरला, वाटेत नाका घालता येतो. नंबर पुढे कळवावा आणि तेथे अडवावे.