गुळव्याची पारख

कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत दसरा-दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळे पेटतात. ऊस तोडल्यावर शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत घाण्याला लागावा लागतो. शिळ्या उसाचा गूळ नीट बसत नाही. उसाची जातही पाहिली जाते. को 92005 ही जात गुळासाठी नावाजलेली आहे.

घाण्यातून निघालेला रस काहिलीत येतो. काहील म्हणजे चुलवाणावर बसवलेली लोखंडी, उथळ, मोठी कढई. खाली जळते ते पिळलेल्या उसाचेच वाळवलेले चिपाड. त्याचा जाळ झटकन भडकतो आणि तितक्याच लवकर उतरतो, म्हणून चुलवाण्या थोडे थोडे चिपाड सतत आत सारत राहतो. त्याचे आणि वर उभे राहून पाक पारखणाऱ्या गुळव्याचे जमले नाही, तर काहिलीतले सगळे आदण बिघडते.

रस तापू लागला की त्यात चुन्याची निवळी आणि रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडाचे बुळबुळीत पाणी पडते. चुन्याने रसाचा आंबटपणा मोडतो, तर भेंडीची चिकटी रसातला बारीक गाळ धरून वर आणते. हीच मळी. जोराची उकळी फुटण्याआधी ती झाऱ्याने काढली नाही, तर रसात परत मिसळते आणि गूळ काळपट होतो. गुळाची प्रत बरीचशी इथेच ठरते.

पुढे फेस काठापर्यंत चढतो. थोडे खाद्यतेल टाकले की तो बसतो. 105-106 अंश सेल्सिअसला पाक काढला तर काकवी मिळते. गुळासाठी 118 अंशांच्या आसपास जावे लागते, आणि खरे कसब या शेवटच्या टप्प्यातच आहे. गुळव्या थोडा पाक गार पाण्यात सोडतो आणि बोटांनी त्याची गोळी वळतो. ती मऊ राहिली तर आणखी जाळ हवा. घट्ट वळली आणि भांड्यावर आपटल्यावर टणकन वाजली की काहील उतरवायची. थोडा उशीर झाला तरी पाक करपतो. प्रत्येक रानातला ऊस वेगळा असतो. खारवट जमिनीतल्या किंवा नत्राचा मारा केलेल्या उसाचा गूळ सैल पडतो, त्यामुळे ही पारख नुसत्या तापमापकावर सोडता येत नाही.

काहील यारीने उचलून पाक वाफ्यात ओततात. तिथे तो घोटत निववतात आणि आळू लागला की कापड घातलेल्या साच्यांत भरतात. मोठा रवा, म्हणजे गुळाची मोठी ढेप, 30 किलोचा. अलीकडे 1, 5 आणि 10 किलोच्या ढेपांनाही मागणी आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेल्या शाहूपुरीत गुळाची पेठ उभी राहिली आणि या गावांच्या गुळाला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. आता सौदे मार्केट यार्डात होतात. नव्या हंगामाचा मुहूर्त दिवाळी पाडव्याला होतो. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पण व्यापारी भाव देतो तो पिवळ्याधमक रंगाला. त्या रंगासाठी काही ठिकाणी रसात हायड्रोस या रसायनाची पूड पडते, काही ठिकाणी साखरही मिसळली जाते, आणि नीट मळी काढून केलेला अस्सल तांबूस गूळ सौद्यात मागे पडतो. हा त्या गुळव्यावर सरळ अन्याय आहे. काही गुऱ्हाळे आता रसायनाशिवायचा गूळ वेगळा काढून थेट गिऱ्हाइकाला विकतात. तिथे तांबूस ढेपेला चार पैसे जास्तच मिळतात.