वाद्यांची अंतर्रचना : लेखांक ६
पियानोची पेडले, ऑर्गनच्या खुंट्या

पियानोत नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आदळते आणि त्या आघातातून उठलेला नाद लगेच ओसरू लागतो. तो लांबवणे किंवा मंद करणे एवढेच पेडलांचे काम, अशी समजूत आज रूढ असली, तरी एकोणिसाव्या शतकातील उभे पियानो पाहिले की ती अपुरी ठरते. त्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नात बनणाऱ्या आणि उंच चौकटीमुळे ‘जिराफ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पियानोंना कधी पाच-सहा पेडले असत. त्यांतील एक दाबले की खर्जाच्या तारांवर कागदाची किंवा चर्मपत्राची पट्टी टेकून भरड गुंजन उमटे, तर दुसऱ्याने छोट्या घंटा वाजत आणि ध्वनिफलकावर दांडू आदळून ढोलाचा ठोका निघे, कारण तुर्की लष्करी वाद्यवृंदाची नक्कल त्या काळी युरोपात लोकप्रिय होती.

पुढे अमेरिकेत याच हौसेने मँडोलिन पेडल घडवले. त्यात कापडाची झालरीसारखी कातरलेली पट्टी हातोड्या आणि तारा यांच्या मध्ये उतरे व झालरीच्या टोकांना लावलेल्या धातूच्या चिपा तारांवर आपटून किणकिणता स्वर येई. न्यूयॉर्कच्या ‘विंग अँड सन’ या कंपनीने तर मँडोलिन, गिटार, हार्प, झिथर व बँजो यांची नक्कल करणारी योजना आपल्या उभ्या पियानोंत बसवली. या चिपांमुळे हातोड्यांचा नमदा झिजत असल्याने अनेक दुरुस्तीकार ही पट्टी वापरू नये असेच सुचवतात.

महाराष्ट्रात स्वराचा रंग बदलण्याची हीच इच्छा तारांऐवजी वाऱ्याच्या वाद्यांतून पूर्ण झाली. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी स्थापलेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या साथीत अहमदजान थिरकवा यांचा तबला व कादरबक्ष यांची सारंगी यांच्याबरोबर हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन होता. या ऑर्गनला पायांखाली दोन पेडले असतात. मात्र ती स्वर बदलत नाहीत, तर आतील भाता चालवून हवा ओढून घेतात आणि त्या ओढीने पितळी पत्त्या, म्हणजेच सूर, कंप पावतात. रंग बदलतो तो समोरच्या खुंट्यांनी: एखादी ओढली की सुरांचा आणखी एक संच उघडतो, तर दुसरीने वाऱ्याच्या वाटेत पातळ पंखा फिरू लागून स्वराला मानवी गळ्यासारखा कंप येतो. गुडघ्याने दाबायची पट्टी सुरांवरील झडपा उघडते, त्यामुळे हात पट्ट्यांवरून न उचलता आवाज वाढवता-घटवता येतो.

गावोगाव फिरणाऱ्या मंडळींना तारांच्या मानाने पितळी सूर अधिक काळ जुळलेले राहणे सोयीचे होते, पण त्याहून मोठे कारण गायनात आहे. आलाप घेणाऱ्या गळ्याला टिकणारा, गायकाबरोबर फुगणारा आणि ओसरणारा स्वर हवा असतो. ओसरत जाणाऱ्या नादावर कितीही घंटा-चिपा चढवल्या, तरी ती गरज भागत नाही.

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर किंवा गिरडसारख्या गावी भजनाला साथ करणाऱ्या हातपेटीतही ही निवड पाहता येते. काही पेट्यांत कंपाची खुंटी असते. ती ओढली की वाऱ्याच्या भोकावर बसवलेली, छोटे वजन लावलेली झडप वाऱ्याच्या दाबाने फडफडते आणि स्वर थरथरतो. कपलर असेल, तर एक पट्टी दाबताच तिच्या सप्तकापलीकडील स्वरही बोलतो व मोठ्या मंडळात पेटीचा आवाज दबत नाही. एरवी न दबणारा आधारस्वर हवा असेल, तर त्याची खुंटी ओढून षड्ज सतत चालू ठेवता येतो.

म्हणून जुन्या पियानोच्या पेडलांचे कौतुक करताना एक भेद लक्षात ठेवावा लागतो: तेथे एका वाद्याला दुसऱ्या वाद्याचे सोंग देण्याचा प्रयत्न होता, तर मराठी रंगभूमीने आणि भजनाने तेच तंत्र गळ्याची सोबत करण्यासाठी राबवले. ज्या योजनेला गाणाऱ्याची गरज लाभली, ती आजही रोजच्या वापरात आहे. पुढील लेखांकात हातपेटीचा भाता व त्यातील हवेचा दाब यांचा विचार केला जाईल.