देवगिरी ते दौलताबाद



आपल्या सिद्धेश्वर धरणात पूर्णा नदीचे पाणी अडवलेले आहे. ही नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. त्या डोंगरांच्या दक्षिणेला एक प्रसिद्ध शहर होते. त्याचे नाव देवगिरी. आज आपण त्याला दौलताबाद म्हणतो. सिद्धेश्वरहून पहाटे निघालात, तर जिंतूर, जालना आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या मार्गाने दुपारपर्यंत तुम्ही तेथे पोहोचाल.

बाराव्या शतकात यादव राजा भिल्लम याने येथे आपली राजधानी वसवली. यादवांच्या दरबारात मराठी भाषेला मान मिळाला. रामदेवराव यादवाच्या काळात, इ. स. १२९० मध्ये, संत ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी पूर्ण केली. पुढे इ. स. १३२७ मध्ये दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक याने आपली राजधानी येथे आणली आणि शहराला दौलताबाद हे नाव दिले. दिल्ली दख्खनपासून फार दूर होती. मध्यभागी राजधानी असेल, तर कारभार सोपा होईल, असे त्याला वाटले. पण प्रवासात लोकांचे अतोनात हाल झाले आणि काही वर्षांनी सुलतानाला दिल्लीस परत जावे लागले.

आता किल्ला पाहू या. दरवाजे ओलांडून आत गेलात, की चांदमिनार दिसतो. बहमनी काळात, पंधराव्या शतकात, हा चार मजली मिनार उभारला गेला. जवळच खिलजी काळातील मशिदीची इमारत आहे. तिचे खांब त्याहून जुन्या देवळांचे आहेत. आज तेथे भारतमातेचे मंदिर आहे. एकाच इमारतीत तीन काळ दिसतात. पुढे चिनी महाल लागतो. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने येथेच कैदेत ठेवले होते. महालाच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे अजून टिकून आहेत. शेजारच्या बुरुजावर मोठी तोफ आहे. तिच्या मागील टोकाला मेंढ्याचे डोके कोरलेले असल्यामुळे तिला मेंढा तोफ म्हणतात.

नंतर खंदक येतो. डोंगराचा खालचा भाग तासून इतका सरळ केला आहे, की त्यावर चढणे अशक्य! वर जाण्यासाठी खडकात खोदलेला एक काळोखा मार्ग आहे. त्याला अंधेरी म्हणतात. शत्रू आत शिरलाच, तर वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून धूर कोंडण्याची सोय होती. आणखी वर गेल्यावर बारादरी लागते. तेथून सारा मुलूख दिसतो. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच किल्ल्याचे अधिकारी होते.

परतताना जवळच्या खुलताबादला अवश्य जा. दिल्लीहून दौलताबादला आलेले सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि फारसी कवी अमीर हसन यांच्या कबरी तेथे आहेत.

मुलांनो, तुमच्यापैकी काही जण विचारतात, "सर, आम्ही उर्दू शाळेत शिकतो. मग मराठी कशाला?" याचे उत्तर या शहरात आहे. दिल्लीहून आलेल्या सर्वांनीच परतीची वाट धरली नाही. पुष्कळ जण दख्खनमध्येच राहिले. त्यांची बोली येथील मातीत रुजली आणि दखनी भाषा वाढू लागली. तिने शेजारच्या मराठीकडून बरेच काही घेतले. घरी आपण 'नक्को' म्हणतो; तो मराठीतील 'नको' आहे. 'यहींच', 'वहींच' यांतला 'च' सुद्धा मराठीतूनच आला. मराठी आपल्याला नवी नाही. ती आपल्या बोलण्यात पूर्वीपासून आहे.

सहलीला जाल, तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. तेथील भिंतींवर अनेकांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत. तुम्ही तसे करू नका. ज्या कारागिरांनी तो डोंगर तासला, त्यांचे नाव तेथे कोठेही नाही. तरीही त्यांचे काम शेकडो वर्षे उभे आहे.

स्वाध्याय
१. मुहम्मद तुघलकाने राजधानी का हलवली?
२. किल्ल्याच्या रक्षणासाठी केलेल्या दोन सोयी सांगा.
३. घरी बोलताना तुम्ही वापरता ते पाच मराठी शब्द शोधून लिहा.