वेष उतरवलाच नाही तर? बिली टिप्टन आणि ‘ट्रम्पेट’

संगीतासाठी बाईनं पुरुषवेष घेतला अशा कथा आपल्याला आवडतात, कारण त्या शेवटी सुटतात. पगडी निसटते, केस मोकळे होतात, खरं काय ते सगळ्यांना कळतं. पण वेषाची गरज संपली आणि तो उतरवलाच नाही, तर?

आधी एक फरक लक्षात घेऊ. बालगंधर्व भामिनी म्हणून रंगमंचावर यायचे तेव्हा हे नारायणराव राजहंस आहेत हे प्रेक्षकांना ठाऊक असायचं. तो वेष होता, वेषांतर नव्हे. वेषांतराला न कळणारा कुणीतरी लागतो.

बिली टिप्टन यांचा जन्म १९१४ चा, ओक्लाहोमा सिटीतला. नाव डोरोथी. पियानो, सॅक्सोफोन दोन्हींवर हात बसलेला. मंदीचे दिवस, आणि जाझच्या बँडमध्ये वादक म्हणून बाईला काम मिळणं अवघड. तेव्हा छाती बांधून, सूट चढवून डोरोथीचा बिली झाला. इथपर्यंत गोष्ट ओळखीचीच. पण हळूहळू तो घरीही बिलीच राहू लागला. १९५७ मध्ये त्याच्या त्रिकुटाच्या दोन तबकड्या निघाल्या, पुढे स्पोकेन शहरात संसार झाला, तीन मुलं दत्तक घेतली. छातीवरच्या पट्ट्यांचं कारण काय, तर जुन्या अपघातात बरगड्या मोडल्या होत्या! १९८९ मध्ये अल्सरच्या रक्तस्रावानं मृत्यू आला, तेव्हा मुलाला कळलं.

या हकिकतीवरून स्कॉटिश लेखिका जॅकी के यांना ‘ट्रम्पेट’ सुचली. कादंबरी १९९८ ची. नायक जॉस मूडी, कृष्णवर्णीय स्कॉटिश ट्रम्पेटवादक. के यांनी एक मोठा बदल केला: इथे बायकोला, मिलीला, सगळं माहीत आहे. तरी ती नवऱ्याला ‘तो’च म्हणते. मुलगा कोलमन मात्र संतापलेला. आपल्याला फसवलं, असं त्याला वाटतं. डॉक्टर मृत्यूच्या दाखल्यावर लाल शाईनं लिंग दुरुस्त करतात. मला सगळ्यांत विचार करायला लावतो तो नोंदणी कारकून. तो ‘स्त्री’वर खूण करतो, पण नाव लिहितो जॉस मूडी. एकाच कागदावर दोन्ही, आणि त्यातलं एकही खोटं नाही. ‘वेषांतर’ हा शब्द इथे अपुरा पडतो, कारण आत दुसराच कुणी लपलाय हे तो गृहीत धरतो.

एका प्रकरणात जॉस वाजवतोय, आणि वाजवता वाजवता लिंग, वर्ण, आठवणी सगळं गळून पडतं. तसं पान ‘मी’च्या तोंडून मराठीत लिहिणं कठीण. इंग्रजीत ‘मी’ला लिंग नसतं. आपल्याकडे ‘मी वाजवतो’ की ‘मी वाजवते’, हे क्रियापदच आधी विचारतं. दोन्ही टाळायचं तर ‘वाजवताना’सारखी मोजकी रूपं हाती उरतात. लिहून पाहा, अर्धं पानसुद्धा रेटत नाही.