एकाच ताटातलं जेवण, मग ताकद वेगळी का?

कॉटन ग्रीनच्या गोदामात पोती वाहणाऱ्या एका भाईंची मुलगी आमच्या वर्गात, नववीत शिकते. गेल्या पावसाळ्यात सकाळच्या प्रार्थनेला ती उभ्या जागी कोसळली. आम्ही तिला आडवं केलं, पाणी दिलं, घरी निरोप धाडला. अब्बा कामावरून तसेच धावत आले, खांद्यावर पोत्याची धूळ. म्हणाले, "सर, घरात खायला कमी नाही हो. मी जे खातो तेच ही खाते. मी पन्नास किलोचं पोतं उचलतो आणि हिला स्टेशनचा पूल चढवत नाही?"

पेशीश्वसनाचं समीकरण आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो, मुलं पाठ करतात, पाच गुण मिळवतात. पण त्या दिवशी या साध्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला तिथल्या तिथे नीट देता आलं नाही. ते आता देतो.

सुरुवात कॉटन ग्रीनपासूनच करू. या भागाला नाव पडलं ते कापसाच्या बाजारावरून. हा बाजार आधी कुलाब्याला होता, १९२० च्या दशकात तो इकडे आला. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबलचक माळ. आपल्या ताटातल्या भातातला स्टार्च हीसुद्धा ग्लुकोजचीच माळ आहे. फरक फक्त ओवण्याच्या पद्धतीत. भाताची माळ आपली लाळ आणि आतड्यातले रस सोडवतात, कापसाची आपल्याला सोडवता येत नाही. (गाईच्या पोटातले जंतू सेल्युलोज सोडवतात, म्हणून ती कडबा खाऊन दूध देते.)

ग्लुकोजच्या या माळेत ऊर्जा किती दडलेली असते ते आग लागली की कळतं. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर कापसाच्या गाठी पेटल्या. त्याच जहाजात स्फोटकं भरलेली होती. पुढे काय झालं ते मुंबईतल्या जुन्या घरांतून अजून सांगितलं जातं. कापसाची गाठ पेटते तेव्हा ग्लुकोज आणि ऑक्सिजन एकत्र येऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, आणि सगळी ऊर्जा एका झटक्यात उष्णता होऊन निघून जाते.

आपल्या पेशीतही शेवटी हेच होतं. तोच ग्लुकोज, तोच ऑक्सिजन, तोच कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. फक्त पेशी हे काम आग न लावता, पायरी पायरीने करते. प्रत्येक पायरीवर सुटलेली थोडी थोडी ऊर्जा ती एटीपी नावाच्या रेणूत बांधून ठेवते. १९२९ मध्ये हा रेणू जर्मनीत लोहमान यांनी वेगळा केला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत फिस्के यांच्यासोबत आपल्या आंध्रच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीही. आमच्या विद्यार्थ्यांना क्रेब्जचं नाव ठाऊक असतं, सुब्बारावांचं नसतं. याची आम्हाला चुटपुट लागते.

एटीपी म्हणजे रोजच्या खर्चाची सुट्टी नाणी. पेशी ती साठवून ठेवत नाही, खर्चते आणि लगेच नवी करते. एका वेळी अख्ख्या शरीरात एटीपी पाव किलोहून जास्त नसतं, पण दिवसभरात बनवलेलं मोजलं तर ते साधारण स्वतःच्या वजनाइतकं भरतं. माणूस झोपलेला असला तरी ही टांकसाळ चालूच असते.

आता मुद्द्याकडे. ग्लुकोज फोडण्याचा पहिला टप्पा पेशीत ऑक्सिजनशिवाय होतो. त्यातून नाणी मिळतात फक्त २. उरलेलं काम तंतुकणिकेत होतं. तिथे क्रेब्ज चक्र आणि इलेक्ट्रॉन वहन साखळी चालते, आणि साखळीच्या अगदी टोकाला ऑक्सिजन लागतो. तो नसला की साखळी तुंबते. तो असला की एका ग्लुकोजमागे एकूण ३० ते ३२ नाणी पडतात. जुन्या पुस्तकांत ३८ हा आकडा आहे. तो पेपरात विचारला तर पुस्तकातलाच लिहावा, पण आताचा हिशेब कमी आहे. म्हणजे तोच घास, तोच ग्लुकोज, आणि ऑक्सिजन पुरेसा पोहोचतो की नाही यावर २ की ३०, हे ठरतं.

अब्बा भरलं पोतं घेऊन फळीवरून झपझप चढतात तेव्हा त्यांच्या मांड्यांनाही काही क्षण ऑक्सिजन कमी पडतो. तेव्हा स्नायू पहिल्याच टप्प्यावर भागवतो, लॅक्टिक आम्ल साचतं, जरा थांबून दम घेतला की निवळतं. (दुसऱ्या दिवशीची अंगदुखी या आम्लामुळे असते, असं आम्हीही पूर्वी शिकवत असू. ते चूक आहे. तिचं मूळ स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेत आहे.)

मुलीचं मात्र पूल चढतानाच असं होत होतं. घास पोहोचत होता, ऑक्सिजन पोहोचत नव्हता. ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन लोहावाचून बनत नाही. या वयाच्या मुलीला ते निदान १२ हवं. तिचं ७.८ निघालं. गंमत अशी की लाल रक्तपेशींना स्वतःला तंतुकणिकाच नसतात. त्या जन्मभर ऑक्सिजन वाहतात, स्वतः वापरत नाहीत. हे सांगितल्यावर अब्बा हसले. म्हणाले, "म्हणजे आमच्यासारख्याच."

ही एका घरची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. एका ताटात जेवूनही बाप आणि लेक सारखे का नाहीत, याचं अर्ध उत्तर इथे आहे. मुलीचं लोह दर महिन्याला पाळीत जातं, बापाचं जात नाही. उरलेलं अर्ध स्वयंपाकघरात आहे. जेवण झाल्या झाल्या चहा घेतला की त्यातली द्रव्यं लोहाला धरून ठेवतात, ते रक्तात उतरत नाही. भाजीवर लिंबू पिळलं की उलट जास्त उतरतं. कलेजी आणि मटणातलं लोह भाजीपेक्षा सहज मिळतं, पण बोटी बहुतेक घरांत आधी कोणाच्या ताटात पडते ते वाचकांना सांगायला नको. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली गटारात टाकतात, हेही आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. तोंड कडवट होतं, पोट बिघडतं, शिवाय कोणीतरी काहीतरी भलतंच सांगितलेलं असतं. उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो.

तिच्या अम्मीचा प्रश्न रमजानचा होता. सहरीचा भात-पोळीचा ग्लुकोज काही तासांत खर्ची पडतो, मग यकृतातला साठा, मग चरबी. निरोगी माणसाचं शरीर हे सहज करतं. पण चरबी जाळायची तर ऑक्सिजनवाचून जळतच नाही. म्हणून जिचं रक्त इतकं उतरलं आहे तिने आधी डॉक्टरांना विचारावं. आजाऱ्याला रोजे पुढे ढकलून नंतर पुरे करण्याची सवलत दीनने दिलेलीच आहे.

तीन महिने रोज औषध घेतल्यावर तिचं हिमोग्लोबिन १०.४ झालं. अजून १२ नाही. पूल ती आता एका दमात चढते. घरात चहा आता जेवणानंतर तासाभराने होतो, असं अम्मी सांगत होत्या. अब्बांचा मात्र अजून जेवणावरच लागतो.