मुलांच्या हाताला खेळ द्या

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या एस.टी.ने मुरबाड सोडले की पुढे टोकावडे लागते. भाताची कापणी चालू असताना तेथील एका घरी जाण्याचा योग आम्हास आला. बाई नुकतीच शेतावरून आली होती. साडेचार वर्षांचा मुलगा पाटीवर ‘अ’ गिरवीत बसलेला. पेन्सिल मुठीत आवळलेली. ‘अ’ दोनदा मोडला, तिसऱ्यांदा पाठीत धपाटा बसला. मग बाईने त्याला मांडीवर घेऊन भात भरवला, शर्टाची बटणेही तिनेच लावली. ‘‘आपल्या हातानं काईच करीत नाय भाऊ, अन् मला तरी कुठं वेळ हाय?’’ ती म्हणाली.

मूल शिकलेच पाहिजे ही ओढ बाबासाहेबांमुळे आपल्या घराघरांत आली. पण कधी कधी या ओढीची घाई होते. जो हात बटण लावू शकत नाही, त्याच्याकडून आपण ‘अ’ मागतो. आधी खांदा आणि दंड बळकट होतात, मग मनगट, आणि शेवटी बोटे. मनगटातील लहान हाडे जन्माच्या वेळी कूर्चेची, मऊ असतात. ती घट्ट व्हायला कैक वर्षे लागतात. त्या मुलाचा ‘अ’ मोडला यात त्याचा हट्टीपणा नव्हता, हातच तयार नव्हता.

हात तयार होतो तो खेळण्याने. ही गोष्ट शहाण्या माणसांना फार पूर्वी उमगली होती. मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब कष्टकऱ्यांच्या वस्तीत बालगृह उघडले. बटणे लावणे, पाणी ओतणे, झाडणे, पुसणे हेच तेथील पहिले धडे. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांत गेले. हा भाग तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणार कशी? ताराबाईंनी बिया, खडे, शिंपले, पाने यांवर काम भागविले. मुले शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा हेच नाव देशभर गेले.

आपल्या घरात ही साधने आहेतच. वाल आणि हरभरे सुपात एकत्र करून मुलापुढे ठेवा व निवडायला सांगा. चिमटीत एकेक दाणा उचलताना जी बोटे लागतात, तीच पुढे पेन्सिल धरतात. मात्र तीन वर्षांच्या आतील मुलास दाणे देऊ नयेत. घशात, नाकात, कानात जातात. मोठ्या मुलांजवळही कोणीतरी बसलेले असावे. भाकरी करताना पिठाचा लहानसा गोळा त्याच्या हाती द्यावा. ओला फडका पिळायला लावावा, यात मनगटाला पीळ बसतो. एका तांब्यातून दुसऱ्यात पाणी ओतणे हा तर मुलांचा आवडीचा खेळ. परंतु मुंबईला पाणी पुरविणारे भातसा धरण ज्या शहापुरात आहे, तेथेच उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. अशा दिवसांत पाण्याऐवजी कोरडी रेती घ्यावी. लंगडी आणि शेताच्या बांधावरून तोल सांभाळीत चालणे यांची आठवण आपल्याला कोणी करून द्यायला नको.

अंगावरचे कपडे, जेवण, आंघोळ यांचाही खेळ होतो. येथे एक युक्ती उपयोगी पडते. सारे काम आपण करावे आणि शेवटचा तुकडा मुलासाठी ठेवावा. बटण निम्मे काजातून काढून द्यावे, उरलेले त्याने ओढावे. चड्डी गुडघ्यापर्यंत चढवावी, वर त्याने घ्यावी. काम पुरे केल्याचा आनंद त्याला रोज मिळतो. हळूहळू आपला वाटा कमी करीत जावे. पहिले काही दिवस वेळ जास्त जाईल, हे कबूल. सकाळी कामाच्या घाईत जमणार नाही, संध्याकाळी जमेल.

एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. खेळ म्हणजे राबवणे नव्हे. आपल्याकडे पाच वर्षांची मुलगी भांडी घासते, धाकट्याला कडेवर घेऊन फिरते, आणि दहा वर्षांचा मुलगा जेवलेले ताटही उचलत नाही. मग मुलगी हुशार व मुलगा आळशी, असे आपणच म्हणतो! निवडण्याचे सूप मुलापुढेही ठेवा आणि लंगडीचा डाव मुलीलाही खेळू द्या. मुलाला कंटाळा आला की खेळ थांबला पाहिजे. दोन किलो वाल निवडून घ्यायचे असतील तर ते काम आपले.

काही मुलांना खेळूनही जमत नाही. नऊ-दहा महिन्यांचे मूल आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाचे होऊन चालत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट विसरू लागले असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नये, अंगाऱ्या-धुपाऱ्याच्या मागेही लागू नये. सरकारी दवाखान्यात दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत मुले तपासायला येते; त्या दिवशी मूल घरी ठेवू नये.

टोकावड्याहून निघण्यापूर्वी आम्ही बाईकडून तिच्या नवऱ्याचा जुना शर्ट मागून घेतला, उशीवर चढविला आणि मुलापुढे ठेवला. मोठी बटणे, सैल काजे. पहिले बटण लागायला बराच वेळ लागला. बाईचा हात दोनदा पुढे आला, दोनदा तिने तो मागे घेतला. तिसरे बटण चुकीच्या काजात गेले आणि शर्ट तिरका झाला. पोरगा हसला आणि सगळी बटणे काढून पुन्हा पहिल्यापासून लावू लागला.